तू गेली होतीस, आई

३ मार्च

आई,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही, मुद्दाम लिहिला नाही.

धाकटी तुला हे वाचून दाखवेल. धाकटे, एक शब्द गाळलास तर याद राख. आईचे डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत. आणि तू लहानपणापासून मधल्या मध्ये सगळं गोड करून सांगतेस, ते मला पुरतं ठाऊक आहे.

वर्षभर आपलं बोलणं नाही. मी शेवटचा आलो तेव्हा तू त्या म्हाताऱ्या फादरला चमच्याने भरवत होतीस. हनुवटीखाली रुमाल धरून, स्वतः 'आ' करत. माझ्या लेकीला, चिमणीला, कधी असं भरवलं नाहीस. मी वाटी उलथवली आणि निघून आलो. त्या वाटीचं मला अजूनही वाईट वाटत नाही. फरशीचं वाटतं, कारण ती तूच पुसली असशील.

आता कामाचं. मी संस्थेवर दावा लावतोय. हो, त्याच संस्थेवर, जिच्या क्वार्टरमध्ये तू राहतेस आणि जिच्या फादरांचे झगे तू जन्मभर धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून दिलेस.

वकीलबाईंकडे जाऊन आलो. त्यांचं ऑफिस अगदी वरच्या मजल्यावर आणि इमारतीची लिफ्ट बंद. मी जन्माचा लिफ्ट मेकॅनिक, आणि धापा टाकत जिने चढलो. निघताना म्हटलं, बाई, आधी तुमच्या लिफ्टकडे बघतो, मग माझ्याकडे बघू. हसल्या. बाई बऱ्या आहेत, उगाच कीव करत नाहीत.

त्यांनी मला समजावलं ते तुला सांगतो, म्हणजे पोराला कोणीतरी फूस लावली असं म्हणायला जागा नको. फादरवर फौजदारी खटला होणार नाही. त्याचं डोकं गेलंय, समोर कोण उभं आहे तेही कळत नाही, अशा माणसाला पिंजऱ्यात उभं करत नाहीत. सुटला. दिवाणी दावा वेगळा. तो कोणाला तुरुंगात घालायला नसतो. ज्यांनी त्याला पोसलं, पाठीशी घातलं, त्यांना जबाबदार धरून भरपाई मागायला असतो. लहानपणीच्या अशा गोष्टींची मुदत खरं तर कधीच संपली होती. पण नवा कायदा आलाय, त्याने आमच्यासारख्या जुन्या लोकांना थोड्या काळासाठी दार उघडलंय. या वर्षाअखेर ते पुन्हा बंद. नाव न देता दावा लावता येतो. कागदावर मी नुसता 'वादी' असेन. तुझ्या शेजारणींना काही कळणार नाही, नीट झोप.

आणखी एक रस्ता आहे. संस्थेनेच भरपाई योजना काढलीय. अर्ज करायचा, त्यांचीच समिती बसणार, देईल ते मुकाट घ्यायचं आणि पुन्हा कोर्टाचं नाव काढायचं नाही. म्हणजे ज्याने मारलं त्यानेच लागलं किती ते ठरवायचं. मी बाईंना म्हटलं, तो रस्ता तुमच्याकडेच ठेवा.

पण कोर्टात फादरने काय केलं एवढंच सांगून भागत नाही. संस्थेला ते माहीत होतं आणि माहीत असून त्यांनी त्याला पोरांमध्येच ठेवलं, हे दाखवावं लागतं. बाईंनी विचारलं, "तेव्हा कोणाला सांगितलं होतंत?" मी म्हटलं, आईला. "आणि आईने काय केलं?"

मी म्हटलं, माझी आई गेली होती.

तू गेली होतीस, आई. मी तिसरीत होतो. तू झग्यांना इस्त्री करत होतीस आणि मी पलंगाखाली शिरून तिथूनच सांगितलं, कारण तोंड दाखवायची लाज वाटत होती. तू इस्त्री उभी करून ठेवलीस. केस नीट केलेस, ठेवणीतल्या चपला काढल्यास, माझं मनगट धरून मला संस्था चालवणाऱ्या मोठ्या फादरांच्या ऑफिसपाशी नेलंस. मला बाहेर बाकावर बसवलंस आणि आत जाऊन दार लावून घेतलंस. बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते. म्हणालीस, "झालं. आता विसरून जा." पुन्हा कधी झगे पोचवायला मला त्या खोलीत पाठवलं नाहीस. महिन्याभरात फादरची बदली झाली; म्हातारपणी डोकं गेल्यावर तो तुमच्याच आवारात परत आला.

मोठे फादर वारले. त्या दाराआड काय बोलणं झालं ते सांगणारी आता तू एकटी. भरपाईचं मला फारसं पडलेलं नाही, हे बाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तू कोर्टात उभी राहून एवढंच म्हण, की माझ्या पोराने मला सांगितलं आणि मी त्याच्यासाठी गेले. तेवढ्याच्या जोरावर मी आजवर माणसात राहिलो. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

येतेस का ते कळव.

कागदावरचा वादी

२१ मार्च

आई,

उत्तर मिळालं. अक्षर धाकटीचं आणि भाषाही धाकटीचीच. 'आईला हल्ली जुनं आठवत नाही.' वा! शेजारीण तुझी कढई मागून घेऊन गेली आणि तिचा कान तुटका करून आणली, ते तुला तिच्या तेव्हाच्या कपड्यांच्या रंगासकट आठवतं. मी घरातून कुठल्या शर्टात निघून गेलो ते आठवतं. आणि हे तेवढं आठवत नाही. सोयीचं डोकं आहे.

खाली एक ओळ मात्र तुझी आहे, ती धाकटीला सुचणारच नाही. 'फादर आता अगदी लेकरासारखे झालेत, त्यांना कशाला त्रास?'

आई, लेकरू मी होतो.

मी ती ओळ बायकोला दाखवली. तिने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि फ्रिजवर ठेवलं, चिमणीचा हात पोचू नये म्हणून. चिमणी पहिलीत आहे, दिसेल ते वाचते. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, काही म्हणजे काही सोडत नाही. परवा विचारत होती, आजी आपल्याकडे का येत नाही? मी म्हटलं, आजीला एका बाळाला भरवायचं असतं. आता ती रोज विचारते, बाळ मोठं झालं का?

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला की लोक आधी मशीनरूमकडे धावतात. मी तसं करत नाही. मी आधी त्या मजल्यावर जातो, दाराला तोंड लावतो आणि म्हणतो, "तुमचा आवाज येतोय मला. मी इथेच आहे." मग सावकाश वर जाऊन काय ते बघतो. आत वाट्टेल तेवढा वेळ गेला तरी मग माणूस टिकतो. हे मला कोणी शिकवलं नाही. तू त्या दाराआड गेलीस तेव्हा बाकावर बसून मला जे वाटलं, त्यावरून मी ते उचललं. मला वाटलं होतं, आईला माझा आवाज आला.

तू घाबरतेस, ते समजतं. क्वार्टर त्यांचं, पाणी त्यांचं, औषधगोळ्या त्यांच्या दवाखान्यातल्या. म्हणून त्याला भरवतेस, असं मी माझी समजूत घालतो. तर ऐक, आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. ऊन येतं. संडास लागूनच आहे. उद्या त्यांनी तुला बाहेर काढलं तर परवा तू इथे असशील, हा माझा शब्द. फक्त इस्त्री आणू नकोस. तापलेल्या खळीचा वास आला की मला अजून ओकारी येते, म्हणून आमच्याकडे कपडे चुरगळलेलेच घालतात. बायको मला 'बोळा' म्हणते.

बोळा

९ जुलै

आई,

दावा दाखल झाला.

मागच्या आठवड्यात त्यांच्या वकिलाने मला प्रश्न विचारले. कोर्टाच्या आधी असे समोरासमोर बसवून विचारतात, शपथेवर, आणि एकजण सगळं टाइप करत असतो. माणूस गोड. मला पाणी दिलं, पंखा वाढवला. मग विचारलं, त्या खोलीतले पडदे कोणत्या रंगाचे होते? मी म्हटलं, हिरवे. त्याने जुना फोटो पुढे सरकवला. पडदे निळे. "म्हणजे तुमची आठवण चुकू शकते?" मग विचारलं, लहानपणी खोटं बोलायचात का? मी म्हटलं, सगळी पोरं बोलतात. "तुम्ही बोलायचात का?" म्हटलं, हो. टाइप करणाऱ्याने ते टाइप केलं. मग, लग्न झालंय ना? मूल आहे ना? धंदा बरा चाललाय ना? "मग नुकसान नक्की कशाचं झालं?"

मी शर्टाकडे बोट दाखवलं. त्याला कळलं नाही. बाईंनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला आणि दाबला, गप्प बसा म्हणून.

त्यानंतर तडजोडीचा निरोप आला. चांगली घसघशीत रक्कम. अट अशी की मी आयुष्यभर तोंड उघडायचं नाही, आणि त्यांनी काही कबूल केलं असं कुठेही लिहायचं नाही. बाईंनी मला खुर्चीत बसवून सांगितलं, "विचार करा. आई आल्या नाहीत तर संस्थेला माहीत होतं हे आपण दाखवू शकत नाही. हात हलवत परत जाल. आणि तुमच्यासारखी बरीच माणसं अशी तडजोड घेतात, त्यात कमीपणा नाही." खरंच नाही. ज्यांनी घेतली त्यांचं भलं होवो. पण मी घेतली असती तर त्या दाराआडचं तुझं बोलणं कायमचं पुरलं गेलं असतं. मी नाही म्हटलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि आज बाईंचा फोन. संस्थेने त्यांचे साक्षीदार कळवलेत, त्यात तू आहेस. त्यांच्या बाजूने.

मी बाजारातल्या एका इमारतीत उभा होतो, तिथल्या लिफ्टचं दार सुटं करून भिंतीला टेकवलेलं. इमारतीचा वॉचमन म्हणाला, काय हो, घरी काही वाईट झालं का? मी म्हटलं, नाही, आई बोलायला तयार झाली.

बघ, मी तुला ओळखतो. तू चार लोकांत वाकशील, त्यांच्या गाडीतून येशील, त्यांनी दिलेला चहा पिशील. पण शपथ घेऊन खोटं बोलणार नाहीस. देवाला तू माझ्यापेक्षा जास्त घाबरतेस. कोणाच्याही बाजूने ये, पण ये. खरं तेवढं सांग.

वादी

१८ नोव्हेंबर

आई,

दीड वर्ष तारखांवर तारखा पडल्या आणि परवा एकदाची तू आलीस.

धाकटी म्हणते, तू खुशीत आहेस. संस्थेच्या लोकांनी घरापर्यंत सोडलं, फळं दिली. कोर्टात तू काय करून आलीस ते तुला अजून कोणी सांगितलेलं नाही. मग मीच सांगतो. धाकटे, मोठ्याने वाच.

आधी व्हरांड्यातलं. दोन वर्षांहून जास्त झाली होती आपल्याला भेटून. तू माझ्यासमोर थांबलीस, डोळे बारीक करून मला न्याहाळलंस, कॉलर चाचपलीस आणि म्हणालीस, "कोर्टात तरी इस्त्रीचा शर्ट घालायचास." बस्स, तेवढंच.

मग त्यांच्या वकिलाने तुला विचारलं, तुम्ही फादरांविरुद्ध कधी तक्रार केली होती का? तू म्हणालीस, "छे! कधीच नाही. कशाला करीन?" पोरगा लहानपणी कसा होता? "कल्पना लढवणारा. थापाड्या." वकील तुला वाकून नमस्कार करून खाली बसला. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी कागदावर बरेच प्रश्न लिहून आणले होते. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"तक्रार केली नाहीत. मग त्या दिवशी मोठ्या फादरांकडे कशाला गेला होतात?"

"माफी मागायला."

"कशाची?"

"पोराने फादरांवर नाही नाही तो आळ घेतला होता, त्याची."

"काय आळ घेतला, ते तुम्ही मोठ्या फादरांना सांगितलंत?"

आणि तू, आई, काय ठसक्यात म्हणालीस, "सांगायलाच हवं ना! नाहीतर माफी कशाची मागणार?"

गोडबोल्या वकील ताडकन उठला. न्यायाधीश म्हणाले, बसा, आजींना बोलू द्या. तुला बरं वाटलं. इतक्या मोठ्या माणसाला तुझं ऐकायचं होतं. बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मोठे फादर रागावले का हो तुमच्यावर?"

"मुळीच नाही. देवमाणूस. मी रडत होते तर मला पाणी दिलं. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, याआधीही एका पोराने असंच सांगितलं होतं. पोरं एकमेकांचं बघून शिकतात. तुम्ही फक्त याला त्या खोलीत पाठवू नका, फादरांचं काय करायचं ते मी बघतो."

"मग त्यांनी काय केलं?"

"फादरांना मुलांच्या वसतिगृहावर नेमलं. मोठी जागा होती ती, बढतीच म्हणा ना."

बाई म्हणाल्या, "मला आणखी काही विचारायचं नाही." तू म्हणालीस, "एवढंच?" तुला अजून बोलायचं होतं.

आता अर्थ सांगतो. संस्थेला माहीत होतं का, या एकाच गोष्टीवर सगळा दावा अडला होता. ते तू सिद्ध केलंस. नुसतं माझंच नाही, माझ्याआधीच्या पोराचंही. आणि सगळं माहीत असून त्याला पोरांच्या वसतिगृहावर पाठवलं, तेही. कायद्याला याच्याशी काही देणंघेणं नसतं की तू तक्रार करायला गेलीस की माफी मागायला. त्यांच्या कानावर घातलंस, एवढं पुरे. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमची आई या दाव्यातली सगळ्यात चांगली साक्षीदार ठरली." आणि मग माझा चेहरा बघून मला बाकावर बसवलं.

मी जिंकणार, आई. तुझ्यामुळे.

इतकी वर्षं मी त्या बंद दाराकडे बघत होतो. शाळेत पोरांनी छळलं तेव्हा, घर सोडलं तेव्हा, पहिल्यांदा दारू प्यालो तेव्हा, चिमणी झाली आणि तिला उचलून घ्यायला मी धजत नव्हतो तेव्हासुद्धा. प्रत्येक वेळी स्वतःला बजावायचो की त्या दाराआड माझी आई माझ्यासाठी भांडली. तुझे लाल डोळे मी देवासारखे जपले. आणि तू आत त्या माणसाच्या अब्रूसाठी रडत होतीस.

खरं सांग म्हटलं होतं, सांगितलंस. चूक माझी नाही आणि तुझीही नाही, असं धाकटी म्हणते. धाकटे, तू गप्प बस.

१४ फेब्रुवारी

आई,

निकाल लागला. संस्था जबाबदार. न्यायाधीशांनी निकालात तुझं बोलणं जसंच्या तसं घातलंय, 'नाहीतर माफी कशाची मागणार' यासकट. त्या वसतिगृहातली तिघं माणसं बाईंकडे आली आहेत. एक माझ्याच वयाचा आहे. त्याने माझा हात हातात घेतला.

आणि तुझं पत्र आलं. या वेळी अक्षर तुझं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. तू धाकटीला न सांगता लिहिलंस. संस्थेने क्वार्टर दुरुस्तीच्या नावाखाली रिकामं करायला सांगितलं, महिनाअखेरची मुदत दिली. इतकी वर्षं त्यांची चाकरी केलीस, तुला वाटलं होतं तुझ्यावर ते कधी रागावणार नाहीत. धाकटीकडे जागा नाही. मागची खोली अजून रिकामी आहे का, असं विचारलंस. इथपर्यंत वाचलं आणि मी उठून मागच्या खोलीची खिडकी उघडली.

मग खालचं वाचलं. 'मी तुला माफ केलंय. फादरांच्या कानातही सांगून आले, की पोराला पश्चात्ताप झालाय, त्याच्या वतीने मी माफी मागते. त्यांनी मान हलवली.'

त्यांची मान चमचा बघूनही हलते, आई.

पुन्हा गेलीस तू. सगळं ऐकून, निकाल लागून, घर जाऊन, अधू डोळ्यांनी भिंत धरधरत पुन्हा माझ्या वतीने माफी मागायला त्याच माणसाकडे गेलीस. मला वाटलं होतं आता माझं आणखी काही तुटायचं राहिलेलं नाही.

तर, खोली आहे. मी शब्द दिला होता. बायकोने पडदे लावलेत, हिरवे. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. घर तुझं. स्वयंपाकघरात काय हवं ते कर, टीव्ही मोठ्याने लाव, मला येताजाता टोमणे मार. फादरचा फोटो आणणार असशील तर आण, खिळा मी ठोकून देतो. इस्त्रीसुद्धा आण.

एकच गोष्ट पाळायची. चिमणीजवळ तू एकटी बसायचं नाहीस. तिची वेणी घालायची नाही, तिला शाळेतून आणायला जायचं नाही, दुपारी तिला कुशीत घेऊन झोपायचं नाही. बायको किंवा मी समोर असलो तर हवं तेवढं बोल. तू तिला काही करशील असं मी म्हणत नाही. तुझ्या हातून मुंगी मरणार नाही. पण ती आता तिसरीत आहे, आणि या वयाची पोरं मनातलं सांगतात ते आजीलाच. उद्या तिने पलंगाखाली शिरून तुला काही सांगितलं, तर तू केस नीट करून, ठेवणीतल्या चपला घालून कुठे जाशील ते मी कोर्टात ऐकलंय.

सामान बांधून ठेव. जड काही उचलू नकोस, मी आल्यावर बघतो.

चिमणीचा बाप